नोंद कोणाच्या हातची?

अंजनगाव सुर्जीत 'नोंद' हा शब्द काढला की आपली माणसं आधी दचकतात, मग घरातली कागदांची पिशवी शोधायला लागतात. २०२५च्या सुरुवातीला उशिरा दिलेल्या जन्मदाखल्यांच्या वादात आमच्या गावाचं नाव राज्यभर बातम्यांत आलं. तेव्हा मोहल्ल्यात दुसरा विषयच नव्हता. तो वाद त्याच्या जागी. मला लिहायचं आहे ते एका वेगळ्या नोंदीबद्दल. ती आपल्याकडे मागायला कोणी येत नाही. उलट ती करून घेण्याचा हक्क कायद्यानं आपल्याला दिला आहे, आणि आपल्यातलं कोणी तिकडे फिरकत नाही. ती म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही.

२००२ साली देशात जैविक विविधता कायदा झाला. त्याच्या ४१व्या कलमानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीनं, नगरपरिषदेनं, महानगरपालिकेनं एक जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. आपल्या हद्दीत कोणती झाडं, पिकं, जनावरं, मासे, किडे आहेत, त्यांचे कोणते वाण आहेत, त्यांच्याबद्दल लोकांना काय माहीत आहे, हे लोकांना विचारून लिहून ठेवणं हे या समितीचं मुख्य काम. २००४च्या नियमांत अध्यक्ष आणि सहा सदस्य अशी तिची रचना होती, त्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया. सतरा वर्षं हे बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिलं. शेवटी राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर काम अपुरं ठेवणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरायला लावण्याचा आदेश दिला. मग काय विचारता! समित्याही झाल्या आणि नोंदवह्याही भरल्या गेल्या. दंडाच्या धाकानं भरलेली वही कशी असणार, याचा अंदाज करायला फार हुशारी लागत नाही.

आमच्या भागातल्या एका स्थानिक संस्थेत मी ही वही बघायला मागितली, तर कपाटाची किल्ली असलेला माणूस रजेवर होता. दुसऱ्या एका ठिकाणी बघायला मिळाली. तिच्यात वड होता, पिंपळ होता, मोर होता. हे सगळं घरी बसूनही लिहिता येतं. पानपिंपरी मात्र नव्हती.

अंजनगाव सुर्जीच्या नोंदवहीत पानपिंपरी नसणं म्हणजे नागपूरच्या वहीत संत्रं नसणं. अंजनगाव, अकोट, तेल्हारा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात बारी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या पानमळे आणि पानपिंपरी जोपासली आहे. आयुर्वेदात तिला पिप्पली म्हणतात. सुंठ, मिरं आणि पिंपळी मिळून त्रिकटू होतं. आपल्या युनानी हकिमांकडे तीच 'फिलफिल दराज'. हा 'फिलफिल' शब्दही मुळात पिप्पलीचाच, फारसीतून अरबीत गेलेला. आमच्या मातीतल्या एका वेलीचं नाव असं बगदादपर्यंत पोचलं आणि गावाच्या वहीत मात्र शिरलं नाही.

'लिहिलं काय, न लिहिलं काय, वेल तर तीच राहणार' असं म्हणणाऱ्यांना मी दोन गोष्टी सांगतो.

पहिली हळदीची. मार्च १९९५मध्ये अमेरिकेत हळदीनं जखम भरून येते या 'शोधा'चं पेटंट दिलं गेलं. आपल्या दादी-नानीला हा शोध माहीत होता, पण पेटंट कचेरीत दादीची साक्ष चालत नाही, छापील पुरावा लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं ३२ जुने संदर्भ गोळा केले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. ते संदर्भ संस्कृतात होते, हिंदीत होते आणि उर्दूतही होते. ज्या उर्दू पुस्तकांना आपण कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात ठेवतो, त्यांच्यासारखीच पुस्तकं तिथे हळदीच्या बाजूनं उभी राहिली.

दुसरी गोष्ट खोट्या नोंदीची, आणि ती आमच्या उत्तरेला दिसणाऱ्या डोंगराशी जोडलेली आहे. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड १८७३ साली ह्यूम यांनी शास्त्राला कळवलं. त्यानंतर त्याचे मोजके नमुने मिळाले आणि मग ते दिसेनासंच झालं. १९१४ साली ते गुजरातेत मांडवीला मिळाल्याची एक नोंद होती, रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची. पुढे पामेला रासमुसेन या संशोधिकेनं दाखवून दिलं की हा नमुना संग्रहालयातून चोरलेला होता. खानदेशात एकोणिसाव्या शतकात दुसऱ्याच माणसानं गोळा केलेला पक्षी नवी चिठ्ठी लावून आपला म्हणून दाखवला होता. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागानं गेल्यावर नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. नंतर मेळघाटातही तो आढळला. २०१८मध्ये भारतीय संशोधकांनी त्याच्या डीएनएवरून त्याचं कूळ कोणतं हा शंभरावर वर्षांचा वादही मिटवत आणला. चिठ्ठीवर गावाचं नाव खोटं पडलं, एवढ्यानं एक पक्षी कित्येक दशकं चुकीच्या जागी शोधला गेला. म्हणून मला दंडाच्या धाकानं भरलेल्या वह्यांची भीती वाटते. कोरी वही निदान कोणाची दिशाभूल करत नाही.

मग खरी नोंद कोणाकडून मिळेल? विद्यापीठाकडून काही मिळेल. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९पासून आहे आणि त्याच्या कामाची किंमत मी कमी करत नाही. पण पुष्कळ काही आपल्याच मोहल्ल्यात आहे.

पानवेल लावतात ती वेलीचाच तुकडा खोचून. बी पेरून नाही. म्हणजे मळ्यातली प्रत्येक वेल ही दुसरीची हुबेहूब प्रत, जनुकं तीच. पान एकसारखं मिळतं हा फायदा. तोटा असा की मुळं आणि खोड कुजवणारा रोग एका वेलीला झेपला की तो सगळ्या मळ्याला झेपतो. त्यावर शेतकरी बोर्डो मिश्रण ओततो, म्हणजे मोरचूद आणि चुना. औषध जुनं आणि कामाचं, पण मोरचुदातलं तांबं मातीत विरून जात नाही. ते वर्षानुवर्षं वरच्या थरात साठतं, आणि फार साठलं की आधी गांडुळं जातात. मृदा आरोग्य पत्रिकेत तांब्याचा रकाना असतो. तो सगळे 'कमी आहे का' म्हणून वाचतात. पानमळ्याच्या मातीत तो 'जास्त झालंय का' म्हणून वाचायला हवा. आता या मळ्याचं पान ज्याच्या टोपलीत येतं तो तांबोळी आपला. कोणत्या मळ्याचं पान टिकतं, कोणतं दोन दिवसांत काळं पडतं, कोणता वाण पूर्वी यायचा आणि आता येत नाही, हे तो डोळे मिटून सांगेल. बारी आणि तांबोळी यांच्यातला हा व्यवहार किती पिढ्यांचा आहे! पण वही भरताना दोघांना एकत्र बसवून विचारलेलं मी तरी कुठे पाहिलं नाही.

तसंच कापसाचं. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतेक सगळा कापूस देशी जातींचा होता. देशी झाडाच्या पेशीत २६ गुणसूत्रं आणि अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२, त्यामुळे दोघांचा संकर सहजासहजी होत नाही. आज वऱ्हाडात उभी असते ती जवळपास सगळी अमेरिकन जातीची संकरित बीटी कपाशी. २००२ साली बीटीला परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीपासून खरंच सुटका झाली, हे मान्य केलं पाहिजे. पण गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते, आणि चहूकडे बीटीच असेल तर जी अळी त्या विषाला पुरून उरते तिचीच अवलाद वाढते. म्हणून बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधं बियाणं दिलं जायचं. त्या ओळींवर साध्या अळ्या वाढाव्यात, त्यांचे पतंग विष पचवणाऱ्या पतंगांशी जुगावेत आणि पुढच्या पिढीची ताकद पातळ व्हावी, हा त्यामागचा हिशेब. अळीचा हा गुण अप्रभावी असतो, आई-बाप दोघांकडून आला तरच उठून दिसतो, म्हणून हिशेब बरोबर होता. पण तो शेतकऱ्याच्या भाषेत त्याला समजावला कोणी? साधं पाकीट बांधावर पडून राहिलं. २०१७ साली गुलाबी अळीनं विदर्भाचं पीक खाल्लं, आणि त्याच हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले.

अळी आल्याचं सर्वांत आधी कोणाला कळतं? वेचणीला जाणाऱ्या बायांना. डोमकळी त्यांना दिसते, कवडी त्यांच्या बोटांना लागते. त्यात आपल्या खाला आणि फुफ्फीही असतात. आणि देशी कापसाची आठवण कोणाकडे आहे? पिंजाऱ्यांकडे. आखूड, राठ धाग्याचा देशी कापूस गादीत दबत नाही, फुगून राहतो, हे ज्ञान त्यांच्या हातात आहे. म्हातारे पिंजारी गेले की तेही जाईल.

जनावरांच्या बाबतीत निदान एक चांगलं उदाहरण समोर आहे. पूर्णेच्या काठची म्हैस आणि वऱ्हाडातली शेळी यांना वर्षानुवर्षं 'गावठी' म्हणून मोकळं केलं जायचं. मोजमापं घेतली, पाळणाऱ्यांना विचारलं, अभ्यास झाला, आणि करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं 'पूर्णाथडी' म्हैस आणि 'बेरारी' शेळी या स्वतंत्र जाती म्हणून नोंदवल्या. जनावर तेच होतं. नोंद झाल्यावर त्याच्या नावानं पैदाशीची योजना मागता येते. बकरी बाजारात उभा राहून दात पाहून वय आणि पाठीवर हात फिरवून वजन सांगणारा कुरेशी या विषयात अडाणी नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. आमच्या तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला विहिरी गोड आहेत आणि दर्यापूरच्या बाजूला सरकलं की खारपाणपट्टा सुरू होतो. खारेपण जिभेला कळतं, म्हणून त्यावर बोललं जातं, शहानूर धरणाचं पाणी गावोगाव गेलं ते त्यामुळेच. पण खतातून आणि शौचालयाच्या खड्ड्यातून पाण्यात उतरणारं नायट्रेट जिभेला कळत नाही. पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. बाजारातलं क्षार मोजण्याचं पेनासारखं यंत्र एकूण क्षार सांगतं, नायट्रेट वेगळं काढून दाखवत नाही. तान्ह्या बाळांना ते सर्वांत धोक्याचं. वजूचं पाणी सांडू नये यावर आपण दर काही महिन्यांनी बयान ऐकतो. त्याच मशिदीच्या बोअरचा नमुना एकदा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नेला, तर त्या बयानाला वजन येईल.

काही मित्र म्हणतात, 'भाई, इथे नोकरी नाही, वरून रोज नवा वाद, आणि तू वेली-शेळ्या मोजायला सांगतोस?' प्रश्न रास्त आहे. या वहीनं नोकरी मिळत नाही. पैसाही फारसा नाही. २०२३च्या दुरुस्तीनं लागवडीच्या औषधी वनस्पतींना आणि ग्रंथांत लिहिलेल्या ज्ञानाला लाभाच्या वाटणीतून बरीच सूट दिली आहे, तेव्हा पानपिंपरीवर औषध कंपन्यांकडून गावाला रक्कम मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही. ती दुरुस्ती मला चुकीची वाटते, पण ती आहे. तरीही मी आग्रह धरतो, कारण दर वेळी आपण कचेरीत जातो ते स्वतःबद्दलचा पुरावा घेऊन, बचावाच्या पवित्र्यात. इथे आपण जातो ते माहीतगार म्हणून. या मातीत काय उगवतं हे आम्ही सांगतो, तुम्ही लिहून घ्या, असं म्हणायला. सलीम अली आणि हुमायून अब्दुलाली यांनी मुंबईत नेमकं हेच आयुष्यभर केलं. त्यांच्याकडे साधनं होती, आपल्याकडे कमी आहेत, पण तांबोळी चाचा आहेत.

करायचं ते अवघड नाही. दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जानं आपल्या नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या समितीची सदस्ययादी आणि नोंदवहीची प्रत मागता येते. यादीत कोण आहे ते पाहा, बाया खरंच आहेत का नावापुरत्या ते पाहा, आणि दुरुस्त्या लेखी द्या. विज्ञान शाखेतल्या मुलींनी यात पुढे व्हावं असं मला फार वाटतं. घराघरांत जाऊन खाला-फुफ्फींशी बोलणं आमच्यापेक्षा त्यांना सोपं आहे. वहीच्या तक्त्यात शास्त्रीय नावाच्या शेजारी स्थानिक नावाचा रकाना असतो. तिथे मराठी नाव लिहाच, आणि घरात बोलतो ते दखनी-उर्दू नावही देवनागरीत लिहा. पानपिंपरीच्या ओळीत 'फिलफिल दराज' एवढे दोन शब्द मावायला पुष्कळ जागा आहे.