नवी बाटली नको, जुनी सॅक शिवून द्या

फेब्रुवारी जवळ आला की आपल्या शाळेत वर्गणीची यादी फिरू लागते. बारावीच्या सिनियर्सना निरोप द्यायचा असतो आणि त्यातल्या हायकिंग क्लबच्या मुलांना क्लबतर्फे वेगळी भेट द्यायची प्रथा आहे. आजवर ही भेट ठरलेली होती: ॲक्रिलिकचे स्मृतिचिन्ह आणि क्लबचे नाव छापलेली पाण्याची बाटली. यंदा भेट 'इको-फ्रेंडली' असावी अशी सूचना आली आहे. बांबूचा कप, कापडी पिशवी आणि मागच्या टोकात बी असलेले पेन, असा संच सुचवला आहे. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. तरीही माझा या संचाला विरोध आहे, आणि त्याची कारणे मला इथे मांडायची आहेत.

माझे म्हणणे थोडक्यात असे: डोंगर आवडणाऱ्या माणसाला द्यायची पर्यावरणपूरक भेट ही बहुतेक वेळा नवी वस्तू नसते. त्याच्याकडे जे सामान आहे, ते आणखी चार-पाच वर्षे टिकवणारी ती भेट असते.

आपण वस्तू कशाची बनली आहे ते आधी पाहतो. बांबू, कापूस किंवा ताग म्हटले की आपले समाधान होते. ती किती वेळा वापरली जाणार हे मात्र विचारत नाही. कापडी पिशवीचेच घ्या. इंग्लंडच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने 2011 मध्ये पिशव्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा परिणाम कमी व्हायचा असेल, तर सुती पिशवी निदान 131 वेळा वापरावी लागते, असे त्यात आढळले. कापूस पिकवायला पाणी आणि खत लागते, मग सूत, विणकाम, रंग, वाहतूक हे सगळे येते. याचा अर्थ प्लास्टिक चांगले असा नाही. नाल्यात अडकलेली किंवा गाईच्या पोटात गेलेली पिशवी त्या आकड्यात धरलेली नाही. पण वसतिगृहातला मुलगा आऊटपास घेऊन महिन्यातून एकदा बाजारात जातो. या वेगाने 131 फेऱ्या पूर्ण व्हायला त्याला जवळजवळ अकरा वर्षे लागतील. शिवाय अशा दोन पिशव्या त्याच्या कपाटात आधीच असतात.

बाटल्यांचेही तेच. कोणत्याही डॉर्ममध्ये कपाटांवरून नजर फिरवा. एकेकाकडे स्टीलच्या दोन-तीन बाटल्या दिसतील. एक घरून आणलेली, एक वाढदिवसाला आलेली, एक कुठल्यातरी स्पर्धेत मिळालेली. स्टीलची बाटली उत्तमच, पण पहिली. तिसरी बाटली ही पर्यावरणाची सेवा नसून पोलादाची उधळपट्टी आहे.

आपल्यासारख्यांना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळायला हवी, कारण वजनाचे गणित आपण पाठीवर शिकतो. वर नेलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी पाठीवरून खाली येते, नाहीतर वरच राहते. सियाचिनच्या थंडीत कचरा कुजत नाही. जानेवारी 2018 पासून सैन्याने तिथला कचरा खाली आणण्याची मोहीम चालवली आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत सुमारे 130 टन कचरा खाली आणला. जिथे श्वास घेणे हेच काम आहे, तिथे जवानांनी ते ओझे वाहिले. नेपाळने 2014 मध्ये एव्हरेस्टवर जाणाऱ्या प्रत्येक गिर्यारोहकाला निदान 8 किलो कचरा खाली आणण्याची सक्ती केली. आपल्या गावाकडेही चित्र वेगळे नाही. सुट्टीत आपण हरिश्चंद्रगडावर किंवा 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईवर जातो, तेव्हा वाटेच्या कडेला बिस्किटांची आणि चॉकलेटची वेष्टने दिसतातच. ती टाकणाऱ्यांपैकी अनेकांना डोंगर आवडतो, हे विशेष.

म्हणून ट्रेकला निघालेल्या माणसाला काही देताना पहिला प्रश्न हा विचारावा: यातले काय वर राहील? चमकणाऱ्या काड्या एका रात्रीत संपतात. ओले टिश्यू कागदासारखे दिसतात, पण त्यांपैकी बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात. एनर्जी बारचे वेष्टन अनेक थरांचे असते आणि ते पुन्हा वापरात आणणे अवघड असते. या सगळ्यांपेक्षा आईने स्टीलच्या डब्यात दिलेले राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की सरस आहेत. ताकद तेवढीच मिळते आणि डबा घरी परत जातो.

दुसरा प्रश्न: त्याच्याकडे आधीच काय आहे आणि त्याचे काय बिघडले आहे? हा प्रश्न विचारला की भेटवस्तूंची खरी यादी तयार होते.

सॅकची चेन बिघडली की आपण सॅक टाकून देतो. पुष्कळदा चेनचे दात ठीक असतात, फक्त वरचा रनर झिजलेला असतो. तो बदलणे शाळेबाहेरच्या मोचीकाकांचे पंधरा मिनिटांचे काम आहे. खांद्याच्या पट्ट्याची शिवण उसवली असेल तर तेही तिथेच होते. बुटांचा वरचा भाग शाबूत आणि तळवा सुटलेला असेल, तर तो चिकटवून कडेने शिवून घेता येतो.

हेडलॅम्पचे घ्या. नवा देण्यापेक्षा त्याच्या जुन्या हेडलॅम्पला बसणारे चार रिचार्जेबल सेल आणि एक चार्जर द्या. हे सेल काही शे वेळा चार्ज होतात आणि थंडीत साध्या सेलपेक्षा चांगले चालतात. साधे सेल कडाक्याच्या थंडीत लवकर मान टाकतात, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे.

स्लीपिंग बॅग पिसांची असेल तर ती छोट्या पिशवीत महिनोन्महिने कोंबून ठेवल्याने पिसे दबतात आणि ऊब कमी होते. तिला घरी मोकळे ठेवण्यासाठी जुन्या चादरीची मोठी पिशवी शिवून दिली तर ती बॅग कितीतरी जास्त टिकेल. आतून लावायचे अस्तर आजीच्या जुन्या सुती साडीचे करता येते. अस्तर धुतले की बॅग वारंवार धुवावी लागत नाही. आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या पिढ्यान्‌पिढ्या शिवल्या गेल्या, तेव्हा 'इको-फ्रेंडली' हा शब्द कुणाला माहीत नव्हता. ऊब मात्र सगळ्यांना माहीत होती.

आणि नवीच वस्तू द्यायची असेल तर अशी द्या जी जुनी होत नाही. चांगले होकायंत्र घ्या, त्याला सेल लागत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर, आणि मोबाइलची रेंज गेली तरी तो वाचता येतो. सलीम अली यांचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' पहिल्यांदा 1941 मध्ये निघाले आणि अजून वाचले जाते. त्याची जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेली प्रतही चालेल. मराठी वाचणाऱ्या सिनियरला मारुती चितमपल्ली यांचे एखादे पुस्तक द्या.

आता त्या बी असलेल्या पेनाबद्दल. त्यातले बी कुंडीत लावले तर काहीच हरकत नाही. पण अशी पेने किंवा बियांचे गोळे ट्रेकला नेऊन डोंगरात टाकावेत असे सांगितले जाते, ते मला धोक्याचे वाटते. कुठले बी कुठे टाकतो आहोत हे आपल्याला माहीत नसते. आपल्या शाळेमागच्या टेकडीवर माजलेली लँटाना, जिला आपण घाणेरी किंवा टणटणी म्हणतो, ती मूळची या देशातली नव्हे. एकोणिसाव्या शतकात शोभेचे झुडूप म्हणून ती भारतात आणली गेली. रंगीत फुलांची ती सुंदर भेटच होती. पक्ष्यांनी तिची फळे खाल्ली, बिया पसरवल्या आणि आज शिवालिकपासून सह्याद्रीपर्यंत वनखात्याला ती उपटत बसावे लागते. डोंगराला काही द्यायचेच असेल तर तिथल्या माणसांना विचारून द्यावे. न विचारता दिलेली भेट त्याच्याही कपाटात अडगळच होते.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला आक्षेप असा की दुरुस्ती ही भेट वाटत नाही. जुनी सॅक शिवून दिली तर लोक कंजूष म्हणतील. मला वाटते हा प्रश्न किमतीचा नसून लक्ष देण्याचा आहे. बाटली घ्यायला दुकानात पाच मिनिटे पुरतात. सॅकची कोणती पट्टी उसवली आहे हे कळायला त्या माणसाबरोबर चालावे लागते. ज्याने आपल्याला चढावर पुढे घालून स्वतः मागे राहणे पत्करले, त्याच्या सामानाकडे आपण एकदा तरी नीट पाहिले, असे त्या शिवणीतून कळते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. एका सिनियरने मला सरळ विचारले, "दहा वर्षांनी माझ्याकडे या क्लबचे काय असेल?" सहा-सात वर्षे एका जागी काढलेल्या मुलाला आठवण म्हणून काही हवे असणे चूक नाही. त्याच्या निरोपाच्या दिवशी आपण त्याला तत्त्व शिकवू नये. पण ॲक्रिलिकचे स्मृतिचिन्ह कुठे जाते तेही पाहू. निवड झालेले सिनियर अकादमीत जातील. तिथे मोजके सामान न्यायचे असते, म्हणून ते चिन्ह घरच्या कपाटात जाईल. त्याऐवजी क्लबचे चिन्ह भरतकामात करून कापडी बिल्ला सॅकवर शिवला, तर तो त्याच्याबरोबर डोंगरावर जाईल. खडकवासल्याला गेला तर सिंहगड जवळच आहे, तिथेही चढेल.

पालकांनाही एक विनंती आहे. आमच्या वाढदिवसाला घरून पार्सल येते त्याचा आनंद खूप असतो. पण तुम्ही दोन-तीन घरांनी मिळून एखादा तंबू क्लबला दिलात, तर त्यात दरवर्षी नवी मुले झोपतील. 1965 मध्ये सुरू झालेल्या उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत प्रशिक्षणार्थींना साहित्य संस्थेच्या स्टोअरमधून मिळते आणि ते परत करायचे असते. तीच सॅक, तोच दोर पुढच्या तुकडीला जातो. डोंगर शिकायला प्रत्येकाच्या मालकीचे सगळे असावे लागत नाही. आणि पार्सल बांधताना चकचकीत प्लास्टिक नको. मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायच्या प्लास्टिक फिल्मवर तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदीच आहे. जुने वर्तमानपत्र आणि सुतळी पुरे. गावचे वर्तमानपत्र असेल तर आम्ही ते वाचूनही काढतो.

आता माझा प्रस्ताव. यादी फिरेल तेव्हा तिच्याबरोबर प्रत्येक सिनियरकडे एक चिठ्ठी जावी: तुमच्या सामानात काय तुटले आहे, काय संपले आहे? ज्याच्याकडे खरोखरच बाटली नसेल त्याला बाटली द्यावी. बाकीच्यांचे सामान एका रविवारी दुरुस्त करून, धुऊन, वर बिल्ला शिवून परत करावे. पाय वाढल्यामुळे बसेनासे झालेले बूट आणि लहान पडलेली जॅकेटे सिनियर्सनी क्लबच्या स्टोअरला द्यावीत. उरलेल्या वर्गणीतून स्टोअरसाठी चार सॅक घ्याव्यात. आज आठवीतली काही मुले शाळेच्या दप्तरात स्लीपिंग बॅग कोंबून आणि मॅट दोरीने बांधून चढतात. निरोपाची भेट देताना त्यांचाही विचार व्हावा असे मला वाटते.

क्लबची बैठक पुढच्या महिन्यात आहे. ज्यांना हे पटते त्यांनी हात वर करावा. ज्यांना पटत नाही त्यांनी बांबूच्या कपाची बाजू मांडावी, मी ऐकून घेईन. मात्र तो कप ट्रेकला कोण नेणार, हे आधी सांगावे.

— कॅडेट, इयत्ता दहावी