ओवीची मालकी कोणाची?

बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत आमच्या मायभगिनींनी बाबासाहेबांवर जात्यावरच्या ओव्या गायिल्या. १९९६ साली हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांच्या प्रकल्पात त्या ध्वनिमुद्रित झाल्या. महाराष्ट्रातील खेडोपाडी या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ साली ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने भीमनगरच्या ओव्या गाणाऱ्या स्त्रियांच्या नावांसह प्रसिद्ध केल्या. ज्यांचा शब्द गावकुसाच्या आत कोणी ऐकून घेत नव्हते, त्यांचा शब्द त्यांच्या नावानिशी जगापुढे गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु उद्या कोणी निर्माता येऊन म्हणाला की, ही ओवी मला चित्रपटात घ्यावयाची आहे, तर त्याने संमती कोणाची घ्यावी? ओवी ‘लोकांची’ म्हणून ती फुकट, असे उत्तर फार लवकर दिले जाते. ते अपुरे आहे. पिढ्यान्पिढ्या चालत आलेली ओवी कोणा एकाची मालमत्ता नाही, हे खरे. मात्र एखाद्या बाईने स्वतः जुळवलेली ओवी ही तिची कृती होय. शिवाय रचना कोणाचीही असो, गाणाऱ्या कंठाला कायद्याने वेगळा हक्क दिला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने आलेला हा कलावंताचा हक्क आज गायनानंतरच्या वर्षापासून ५० वर्षे टिकतो. म्हणून तिचे ध्वनिमुद्रित गायन चित्रपटात घालण्यापूर्वी तिची लेखी संमती घेणे, हाच सरळ मार्ग होय.

लिहिलेल्या साहित्याचा हक्क तर अधिक स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कथा, कादंबरी वा आत्मकथनावर चित्रपट करण्याचा अधिकार लेखकाचा असतो. त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे तो वारसांकडे राहतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. ‘वैजयंता’वर १९६१ साली आणि ‘फकिरा’वर १९६३ साली चित्रपट निघाले. तरीही १९६९ साली हा थोर लेखक दारिद्र्यातच गेला. त्यांच्या कादंबऱ्यांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत जिवंत आहे. उलट बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना मोकळे झाले. मात्र त्यांच्या एखाद्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असू शकतो, हे विसरू नये.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. आमचे दुःख हा विषय कोणाच्या मालकीचा नाही. १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कल्पनेवर वा विषयावर हक्क नसतो. ती ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर असतो. ऊसतोडीवर कोणीही चित्रपट काढावा. परंतु एका लेखकाच्या पुस्तकातील प्रसंगांची गुंफण व संवाद उचलून नव्हे.

बंधुभगिनींनो, बीडच्या माणसाला कराराची गोष्ट नवी नाही. दसरा सरला की मुकादमाची उचल घेऊन आमचा कोयता कारखान्याच्या वाटेला लागतो. रोख हाती पडते आणि अटी मात्र दुसऱ्याच्या वहीत राहतात. चित्रपटाच्या कराराला ही रीत लागू होऊ देऊ नका. हक्क देणे लेखी आणि सहीनिशी हवे. कोणती कृती, कोणता हक्क, किती वर्षे, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदला, हे त्यात नमूद हवे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर केवळ भारत धरतो. घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरला नाही आणि करारात तसे वेगळे ठरलेले नसेल, तर तो हक्क परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटात घेतलेल्या गीताचा वा वाङ्मयाचा चित्रपटगृहाबाहेर उपयोग झाला, तर त्या स्वामित्वधनाचा समान वाटा लेखकाला सोडून देता येत नाही. सोडल्याचे लिहून घेतले तरी ते व्यर्थ ठरते.

पैशापलीकडेही एक हक्क आहे. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीच्या प्रकरणात १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, चित्रपटाचा हक्क विकला तरी कृतीचे विद्रूपीकरण रोखण्याचा लेखकाचा अधिकार उरतो. आमच्या समाजाला याचे मोल अधिक आहे. आमची कथा पडद्यावर यावी, परंतु स्वाभिमानाच्या जागी केविलवाणेपणा घालून नव्हे.

म्हणून ज्या घरात आजोबांची हस्तलिखित गाण्यांची वही आहे, आईची ओवी आहे, वडिलांचे आत्मवृत्त आहे, त्या घराने आजच रचनाकाराचे नाव, साल आणि वारसांची नावे लिहून ठेवावीत. वाचून घेतल्याशिवाय कोणत्याही कागदावर अंगठा वा सही देऊ नये. आणि आमच्यातील जे तरुण स्वतः चित्रपट काढू इच्छितात, त्यांनी पहिली संमती भीमनगरसारख्या वस्तीत जाऊन, त्या मातेसमोर बसून मागावी. जो आपला हक्क मागतो, त्याने दुसऱ्याचा हक्क आधी दिला पाहिजे.