मैत्री की हजेरी?

इंग्लंडात प्रोबेशन अधिकाऱ्याने काय करावे, हे १९०७ च्या कायद्याने तीन शब्दांत सांगून टाकले होते : सल्ला, साहाय्य आणि मैत्री. अपराध्याला कोठडीत न कुजवता समाजातच सावरावे, हा त्यामागील विचार. विचार थोर, यात शंका नाही. व्यवहार मात्र पाहावा!

२०११ साली ब्रिटिश संसदेच्या न्यायविषयक समितीने या अधिकाऱ्यांच्या वेळेचा हिशेब तपासला. अवघा २४ टक्के वेळ प्रत्यक्ष माणसासोबत जात होता आणि ४१ टक्के संगणकासमोर! समिती थक्क झाली. पुढे काय झाले? २०१४ साली सेवेचे तुकडे करून मोठा हिस्सा २१ कंपन्यांकडे सोपविला गेला. त्यांपैकी काहींनी दीड महिन्यातून एखादा दूरध्वनी म्हणजेच देखरेख, असे ठरवून टाकले. २०२१ साली तो खेळ मोडावा लागला. तरीही २०२४ साली कामाचा ताण हलका करण्याची वेळ आली, तेव्हा कात्री कशाला लागली? अनेकांच्या देखरेखीच्या अखेरच्या तिसऱ्या भागातील भेटींना!

दोष अधिकाऱ्यांचा नाही. उद्या काही विपरीत घडले, तर चौकशीत पहिला प्रश्न नोंदीचाच असतो. मग माणूस दारात ताटकळतो आणि तक्ता आधी भरला जातो.

नोंदवहीपुढे उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. याच साम्राज्याने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी यांच्या माथी जन्मानेच गुन्हा मारला गेला. १९५२ साली तो कायदा रद्द होईपर्यंत त्यांनी हजेऱ्या दिल्या. येथील अपराध न्यायालयात सिद्ध झालेला असतो, हा भेद मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. परंतु हजेरी घेणाऱ्याने समोरच्याच्या चुलीची विचारपूस कधी केली नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

हा प्रश्न परक्यांचा, असे आपल्यातील सुखवस्तूंना वाटते. २०१७ च्या लॅमी अहवालानुसार इंग्लंड व वेल्समध्ये कृष्णवर्णीय, आशियाई व अन्य अल्पसंख्य लोकसंख्येत १४ टक्के, तुरुंगांत मात्र २५ टक्के! तेव्हा प्रत्येक संघटनेने आपल्या खासदाराकडे लेखी मागणी करावी : अधिकाऱ्याचे किती तास माणसासमोर गेले, हे सरकारने दरवर्षी प्रसिद्ध करावे आणि पुढची कपात भेटींत नव्हे, तक्त्यांत करावी.