कलासमेकित शिक्षणाचा जन्म २०२० चा नव्हे

१/ २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलासमेकित शिक्षणाचा उल्लेख आला आणि प्राथमिक वर्गात कला प्रथमच शिरत असल्याचा गाजावाजा सुरू झाला. हा दावा इतिहासाला धरून नाही. ८३ वर्षे आधी वर्ध्यात हा विचार मांडून झाला होता. शिवाय तो कोठे फसेल, हेही तेव्हाच लिहून ठेवले गेले होते.

२/ ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने सात वर्षांच्या शिक्षणाचा आराखडा सिद्ध केला. त्याला 'टकळीची शाळा' म्हणून हिणवणारे एक गोष्ट सोयीस्करपणे वगळतात: त्या अभ्यासक्रमात मूलोद्योगाबरोबर चित्रकला आणि संगीतही होते.

३/ पद्धतीचे नाव समवाय. सुताचे तार मोजता मोजता गणित, कापसाच्या शेतातून भूगोल आणि विज्ञान, कापडाच्या व्यापारातून इतिहास. कागदावर हे सुरेख दिसते. वर्गात मात्र त्यासाठी हाताने काम जाणणारा, विषय जाणणारा आणि मूलही जाणणारा शिक्षक लागतो. असा शिक्षक परिपत्रकाने निर्माण होत नाही.

४/ समितीला याची जाण होती. शिक्षकांसाठी तिने तीन वर्षांचा पूर्ण अभ्यासक्रम आखला. एक वर्षाचा अभ्यासक्रम ही तातडीची तडजोड होती. उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षक मुलांकडून केवळ श्रम करून घेतील, हा धोका अहवालानेच नोंदवला आणि शिक्षक-प्रशिक्षणात त्याचे सतत भान ठेवण्यास बजावले. टीकाकार आजही हाच आक्षेप स्वतःचा शोध म्हणून मांडतात!

५/ फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने ही योजना स्वीकारली. नंदलाल बोस यांची ग्रामजीवनावरील प्रसिद्ध चित्रे याच अधिवेशनासाठी रंगवलेली. पुढे सेवाग्रामचे काम सांभाळणारे आर्यनायकम् दांपत्य शांतिनिकेतनातून आलेले. १९४४ मध्ये तेथे कलाशिक्षक म्हणून रुजू झालेले देवीप्रसादही तेथलेच. नई तालीम म्हणजे कलाशून्य कष्ट, असे म्हणणाऱ्यांनी ही नावे एकदा तरी वाचावीत.

६/ मग बिनसले कोठे? खादीचा हट्ट, सरकारांची अनास्था, पालकांचा इंग्रजीकडे ओढा, ही कारणे खरीच. परंतु मूळ घाव शिक्षक घडवण्यातल्या घाईने घातला. शाळांच्या पाट्या बदलणे सोपे होते. तीन वर्षे खर्चून शिक्षक तयार करणे महाग होते.

७/ कोठारी आयोगाने (१९६४–६६) 'कार्यानुभव' आणला. वेळापत्रकात त्याला स्वतंत्र तास मिळाला आणि गणित-भाषेशी असलेली त्याची नाळ तुटली. परीक्षा जवळ आली की हाच तास गणिताच्या उजळणीला जातो, हे मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

८/ आज 'निष्ठा' या प्रशिक्षणमालेत कलासमेकित अध्ययनाला एक मॉड्यूल दिले आहे. १९३७ च्या समितीने याच कामासाठी तीन वर्षे मागितली होती.