बीडचा पीकविमा: कसणारा कोण, हे कोणी विचारले?

बीड आणि पीकविमा हे शब्द एकत्र आले की 'बोगस' हा तिसरा शब्द आपोआप जोडला जातो. शासकीय जमिनींवर विमा उतरवला गेला, परक्याच्या शेतावर अर्ज भरले गेले, हे खरेच आहे. मात्र त्यावरून अख्ख्या जिल्ह्याला लबाड ठरवणारे एक प्रश्न टाळतात: शेतीची मदत नेमकी कोणाला द्यायची, हे राज्यसंस्था कशावरून ठरवते?

५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठवलेले पत्र सर्वज्ञात आहे. गावोगाव जाऊन कुणबी गोळा करावेत. कोणाकडे माणूसबळ, बैल, दाणागोटा किती, हे पाहावे. कसण्याचे बळ आहे पण बैल-नांगर नाही, अशास बैलांसाठी पैसे व पोटासाठी धान्य द्यावे. वाढीदिडी न घेता फक्त मुद्दल, तेही ऐपत येईल तसे, वसूल करावे.

हे पत्र समाजमाध्यमांवर केवळ दयाबुद्धीचा पुरावा म्हणून फिरते. वस्तुतः त्यात रोखठोक हिशेब आहे: लागवड वाढली तर महसूल वाढतो. म्हणूनच तेथे पात्रतेची कसोटी कसण्याचे बळ ही होती. (प्रभावळी कोकणात, बीड तेव्हा मोगलांकडे होते. येथे मुद्दा कसोटीचा आहे.)

आजची कसोटी सातबारा. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असलेल्या कुटुंबाला मिळतात. पीकविम्यात बटईदार पात्र आहे, पण भाडेकरार दाखवला तर. आणि तो करार मालक लिहून देत नाही. १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्याने कुळांना हक्क दिले. तेव्हापासून मराठवाड्यात बटई तोंडीच चालते. कुळासाठी झालेल्या कायद्यानंतर कूळच कागदावरून नाहीसे झाले!

या पायावर विम्याचे प्रयोग रचले गेले. २०२० मध्ये बीडसाठी विमा कंपन्या पुढे येईनात, तेव्हा ८०-११० चे सूत्र आले: भरपाई विमाहप्त्याच्या ११० टक्क्यांपुढे गेल्यास वरचा भार राज्याचा, ८० टक्क्यांखाली राहिल्यास कंपनीला २० टक्के, उरलेले राज्याला परत. २०२३ च्या खरिपात शेतकऱ्याचा हप्ता एक रुपयावर आला आणि अर्ज भरणाऱ्या केंद्राला दर अर्जामागे ४० रुपये ठरले. अर्जदाराला गमावण्यासारखे काही नाही, केंद्राला प्रत्येक अर्जात कमाई. अशा रचनेत खोटे अर्ज आले याचे आश्चर्य वाटणाऱ्यांनी महसुलाचा इतिहास वाचलेला नसावा.

२०२५ मध्ये एक रुपयाची सवलत रद्द झाली; खरिपाचा हप्ता पुन्हा दोन टक्के. शिक्षा सरसकट सर्वांना. खोटा अर्ज करणाऱ्याजवळ निदान कागद तरी होता. तोंडी बटई करणाऱ्याजवळ तोही नव्हता आणि आजही नाही.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात बीडची शेते पाण्याखाली गेली. मदत हेक्टरी ठरली आणि ती खातेदाराच्या नावे निघते. बटईदाराचे बियाणे, खत, चार महिन्यांचे कष्ट यांचा पंचनाम्यात रकाना नाही. मालकाने समजुतीने काही दिले तर दिले.

उरतो ऊसतोडीचा रस्ता. दिवाळीनंतर कोयता घेऊन निघण्याआधी त्याच्या हातात रोख पैसा ठेवणारा एक माणूस मात्र आहे. तो सातबारा मागत नाही, अंगातले बळ पाहतो. तो मुकादम, आणि त्याने दिलेली उचल घामाने फेडावी लागते.