तिचा साबू कुठे आहे?

कॉमिक्समध्ये नायिका कमी आहेत, ही तक्रार आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत, आणि ती खरीच आहे. पण ज्या थोड्या नायिका आहेत त्यांच्या शेजारी कोण उभं असतं, हे कुणी विचारत नाही.

नायकांची यादी झटपट होते. चाचा चौधरींना साबू, मँड्रेकला लोथार, बॅटमनला रॉबिन. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना आबिद सुरतींचा बहादूरही आठवेल. १९७६ साली आलेल्या त्या नायकाच्या सोबत बेला होती. धीट, कराटे जाणणारी, तरीही शेवटपर्यंत बहादूरचीच बेला. आता उलटी यादी करून पाहा. नायिकेचं नाव आधी, त्यानंतर तिच्या साथीदार पुरुषाचं. एका हाताची बोटंही पुरी लागणार नाहीत.

प्राण यांची पिंकी घ्या. मित्र येतात-जातात, पण तिच्याबरोबर लक्षात राहते ती कुटकुट नावाची खार. शेजारचे झपटजी लक्षात राहतात ते फजिती होण्यासाठी. २०१२च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर राम देविनेनी यांनी डॅन गोल्डमन यांच्यासोबत 'प्रियाज शक्ती' केलं, ते २०१४ साली आलं. त्यातली प्रिया वाघावर बसून अन्यायाविरुद्ध उभी राहते. वाघाचं नाव साहस. चित्र देखणं आहे, हेतूबद्दल शंका नाही. पण एकीकडे खार, दुसरीकडे वाघ. मुलीच्या पाठीशी प्राणी उभा राहिलेला आपल्याला सहज पटतो. पुरुष उभा करायचा म्हटलं की चित्रकाराचा हात थबकतो.

का थबकतो? कारण नायिकेजवळ आलेल्या पुरुषाला आपण तीनच जागा ठेवल्या आहेत: प्रियकर, विदूषक, नाहीतर शेवटच्या पानावरचा तारणहार. वंडर वुमनचा स्टीव्ह ट्रेव्हर १९४१पासून तिच्यासोबत आहे. ती त्याला वाचवते, तो तिच्या प्रेमात पडतो, आणि त्यापलीकडे त्याचं काय करायचं हे पुढच्या लेखकांना सुचेना. १९६९ साली त्याला मारलं, मग जिवंत केलं, मग पुन्हा मारलं. साबूला असं कुणी मारत नाही, कारण साबूला काम आहे. स्टीव्हला फक्त नातं होतं.

हे अशक्य आहे म्हणाल, तर उदाहरण साठ वर्षांपूर्वीचं आहे. १९६३ साली लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये पीटर ओ'डोनेल यांची 'मॉडेस्टी ब्लेझ' ही चित्रमालिका सुरू झाली. मॉडेस्टी म्होरकी, विली गार्विन तिचा उजवा हात. तो चाकूफेकीत तरबेज आहे, अंगाने दणकट आहे, त्याला स्वतःचं आयुष्य आहे. तुरुंगात सडणाऱ्या या माणसाला तिने बाहेर काढलं, काम दिलं. तो तिला 'प्रिन्सेस' म्हणतो आणि तिचा निर्णय मानतो. दोघं कधीही प्रियकर-प्रेयसी होत नाहीत. हे ओ'डोनेल यांनी ठरवून ठेवलं आणि २००१ साली मालिका संपेपर्यंत पाळलं. विली कुठेही लहान वाटत नाही. दुय्यम असणं आणि हलकं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच त्या लेखकाला कळलं होतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पुरोगामी मंडळींकडूनच येतो: समर्थ बाईला पुरुषाची गरजच काय? हे कौतुक मला फसवं वाटतं. रॉबिन सोबत आहे म्हणून बॅटमनला कुणी दुबळा म्हटलं नाही. चाचा चौधरींचा मेंदू आणि साबूचं बळ ही तर त्या कॉमिकची शान. मदत घेणारा नायक म्हणजे नेता, आणि मदत घेणारी नायिका म्हणजे अपुरी! एकटीने सगळं करून दाखवण्याची ही सक्ती म्हणजे नायिकेवर बसवलेला जादा कर आहे. घरात आणि नोकरीवर बायका तो रोज भरतातच. निदान चित्रात तरी माफ करा.

मी दिघीत राहतो. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी आळंदीहून निघाली की आमच्याच रस्त्याने पुण्याकडे जाते. त्या आळंदीची कथा पोराटोरांना पाठ आहे: चौदाशे वर्षं जगलेला चांगदेव वाघावर बसून आला आणि भावंडांनी भिंत चालवली. कथेचा पुढचा भाग मात्र आपण पुटपुटत सांगतो. त्या महायोग्याने गुरू केलं ते कोवळ्या वयाच्या मुक्ताबाईला. त्यामुळे चांगदेव लहान झाला नाही, उलट त्याचं कोरेपण गेलं. आता त्या कथेचं चित्र डोळ्यांसमोर आणा. भिंत दिसते, वाघ दिसतो. मुलीपुढे हात जोडून बसलेला म्हातारा दिसतो का?

दुसरी गोष्ट चाकणच्या पुढची, खेडची. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर ताराबाईंनी औरंगजेबाविरुद्धचं युद्ध चालवलं. सेनापती होते धनाजी जाधव. १७०७ साली खेडच्या लढाईत ते शाहू महाराजांच्या बाजूला गेले. त्याआधीची सात वर्षं रणात गाजलेला एक सेनापती एका तरुण विधवा राणीच्या हुकमतीत लढत होता. विश्वास, कर्तबगारी, शेवटी फारकत. याहून चांगलं कथानक कॉमिकवाल्यांना आणखी कुठलं हवं?

याच चाकणला बजाज ऑटोच्या कारखान्यात डॉमिनार मोटारसायकल जोडणारी लाइन फक्त स्त्रियांची आहे, ही बातमी गाजली होती. चांगलीच गोष्ट. पण 'फक्त स्त्रियांची' लाइन आपल्याला सोसते, कारण तिथे कुठल्या पुरुषाला बाईच्या हाताखाली उभं राहावं लागत नाही. खरा प्रश्न मिश्र लाइनवर, बाई सुपरवायझर असताना सुरू होतो. तिथल्या पंचविशीच्या पोराजवळ त्या जागेसाठी मराठीत एकच शब्दप्रयोग आहे, 'बायकोचा बैल', आणि ती शिवी आहे. दुसरा शब्द त्याला कुणी दिला नाही, दुसरं चित्र दाखवलं नाही.

म्हणून नायिका वाढवाच, पण तेवढ्यावर थांबू नका. तिचा साबू काढा. त्याला रुंद खांदे द्या, चांगले विनोद द्या, स्वतःचं घर द्या. मोक्याच्या क्षणी त्याने तिच्याकडे वळून "आता काय करायचं?" असं विचारलेलं दाखवा. आणि त्या चौकटीत त्याचा चेहरा पडलेला काढू नका.