ज्वारीच्या दाण्याएवढी पृथ्वी

प्रतिवर्षीं विज्ञान-प्रदर्शनाचे दिवस जवळ आले कीं, थर्मोकोलच्या गोळ्यांच्या दोन-तीन तरी सूर्यमाला मेजांवर उभ्या राहतात. मध्यें पिवळा सूर्य, भोंवतीं तारेच्या कड्यांत अडकविलेले ग्रह. (प्लूटोस ग्रहांच्या पंक्तींतून २००६ सालीं उठविलें, हें कित्येकांच्या गांवींही नसतें.) परीक्षक या नात्यानें अशा कृतींस मीं स्वतः बक्षिसें दिलीं आहेत. तथापि आतां माझें असें मत झालें आहे कीं, या सूर्यमाला ज्ञानापेक्षां भ्रमच अधिक रुजवितात.

त्या पाहून मुलांस वाटतें कीं, ग्रह एकाच वाड्यांतील बिऱ्हाडांप्रमाणें दाटीनें राहतात. वस्तुतः आकार व अंतर हीं दोन्हीं एकाच प्रमाणांत दाखवावयाचीं तर मेज पुरतच नाहीं. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतचें अंतर १ मीटर लांबीच्या फळीवर बसविलें, तर सूर्य अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान ठिपका होईल, आणि पृथ्वी उघड्या डोळ्यांस दिसणारच नाहीं.

आपला जिल्हा ज्वारीचा. ४ मिलिमीटरचा एक टपोरा दाणा घ्यावा व ती पृथ्वी मानावी. मग सूर्य सुमारें ४४ सेंटिमीटर व्यासाच्या तांबड्या भोपळ्याएवढा होतो. तो शाळेच्या फाटकाशीं ठेवून ४७ मीटर चालावें, आणि तेथें दाणा ठेवावा. दाण्यापासून १२ सेंटिमीटरांवर खसखशीचा कण, तो चंद्र. मनुष्य स्वतः गेला आहे तो एवढ्याच अंतरावर! गुरु हें लिंबू, तें २४४ मीटरांवर. नेपच्यून हें गावठी बोर, तें जवळजवळ १,४०० मीटरांवर. प्रकाशाची गति या मापानें सेकंदास सुमारें ९ सेंटिमीटर, म्हणजे चपळ मुंगीएवढीच भरते.

स्वीडन देशांत स्टॉकहोम येथील एक प्रचंड गोलाकार सभागृह सूर्य मानून दूरवर अशीच सूर्यमाला मांडलेली आहे. आपणांस मूठभर धान्य व मोजपट्टी पुरे.

गेल्या हिवाळ्यांत मीं नववीच्या वर्गास घेऊन तुळजापूरच्या रस्त्यानें हा प्रयोग केला. पृथ्वी एका चिमणीनें टिपली, तेव्हां दुसरी ठेवावी लागली व हंशा पिकला. परंतु लिंबू मागें पडल्यावर बोलणें हळूहळू थांबलें. बोर ठेवून वळून पाहिलें, तों भोपळा दिसेनासा झाला होता. "सर, मग मधल्या एवढ्या जागेंत आहे तरी काय?" एका विद्यार्थ्यानें विचारलें. जवळजवळ कांहींच नाहीं, असें मीं सांगितलें. आठवें स्तोत्र आपण उपासनेच्या वेळीं अनेकदां वाचतों. त्यांतील मनुष्याविषयींचा प्रश्न मला त्या रस्त्यावर प्रथमच नीट समजला, असें कबूल करितों.

परततांना एका मुलीनें विचारलें, दुसरा तारा कोठें ठेवावयाचा? सूर्यानंतर सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा. तो या मापानें सुमारें १२,६०० किलोमीटरांवर येतो. मुंबईहून न्यूयॉर्क साधारण तितकेंच दूर आहे.

मेजावर न मावणारी कृति प्रदर्शनाच्या नियमांत बसत नाहीं, असें मला सांगण्यांत आलें. तर मग येत्या वर्षीं नियम बदलावा, आणि निदान एका गटास मेजाऐवजीं रस्ता द्यावा.